कोठे दुखस

धुळ्याच्या एमआयडीसीत, बॅटरीच्या गोदामामागे
दहा बाय बाराची आमची खोली.
फडताळात एक डबी, डबीत काळं.
काजळ नाही ते, कोळशाची पूडही नाही.
झाकण उघडलं की मास्क लावलेली माणसंसुद्धा
आपोआप श्वास आखडतात.

लोखंडाचा एक कण, डोळ्याला कधीच न दिसणारा,
तापलेल्या वायूत बसून कार्बन खातो
आणि मागे धागा सोडत जातो, कोळ्यासारखा.
माझ्या एका केसाच्या रुंदीत
असे सात-आठशे धागे
शेजारी शेजारी झोपतील.

धागे विकत मिळतात. घोळणं विकत मिळत नाही.
राळेत टाकले की ते एकमेकांना बिलगतात,
लग्नात एकाच गावचे लोक
एकाच पंगतीला बसावेत तसे.
गाठ राहिली की तिथूनच तडकणार.
दुपारी मी कळण्याची भाकरी मोडते,
ज्वारी कुठे संपली, उडीद कुठे लागला,
जिभेला विचारून पाहते,
आणि मिक्सरला म्हणते,
शिक जरा.

शंभरात अर्धा भाग घातला. मीटर गप्प.
पाऊण भाग. गप्प.
एक भाग घातला तेव्हा
आत कुठेतरी धाग्याला धागा टेकला असणार,
त्याला पुढचा, त्याला पुढचा,
आणि जन्मापासून बहिऱ्या राळेतून
वीज या टोकाची त्या टोकाला गेली.
मी ओरडले.
तेवढ्यात लाइट गेली, गुरुवार होता.

सर प्रस्ताव लिहितात.
विमानाचा पंख, बॅटरी, नकली पाय,
स्वतःची तब्येत सांगणारा पूल.
'संभाव्य' हा शब्द मी मोजला, नऊ वेळा आला आहे.
आमच्याकडे सध्या
हाताच्या पंजाएवढं एक ठिगळ आहे.

ते आम्ही साक्रीच्या पठारावर नेलं.
तिथे उतरवून ठेवलेलं पवनचक्कीचं पातं,
बसगाड्या उभ्या कराव्यात एवढं लांब,
त्याच्या सावलीत शेळ्या.
बुडाशी पातं जखडलं, ठिगळ बसवलं, तारा जोडल्या,
टोक हवेत मोकळं.
झुलाल बेडसे टोकाला वाळूच्या गोण्या टांगायचा,
काढायचा, पुन्हा टांगायचा.
पंधरा वर्षं तो दोरावर लटकून
उभ्या चक्क्यांची पाती घासत, लिंपत आलाय.
"बाई, यामा काय शे?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, याला दुखलं की ते सांगतं.
तो हसला.
"पातं सांगस?"

पहिल्या दिवशी चारशे बारा ओहम.
चौथ्या दिवशी चारशे एकोणीस.
अकराव्या दिवशी, ऊन डोक्यावर, चारशे सत्तेचाळीस.
झुलालनं भिंग लावून पाहिलं, नख फिरवलं,
नाण्यानं ठोकून कान लावला, तो कान
ज्यानं आजवर भलभली पाती पकडली.
"ठीक शे," म्हणाला.
मीटर म्हणत होतं, नाही.

धुळ्याला आणून आम्ही ठिगळ कापलं.
पृष्ठभागापासून दोन मिलिमीटर आत
केसासारखी एक भेग,
बाहेर यायला अजून कुणास ठाऊक किती दिवस घेणारी.
तिच्या वाटेत तुटलेले धागे,
जे तुटले म्हणून कळलं.

संध्याकाळी खोलीच्या दाराशी चहा आला.
झुलालनं कप डाव्या हातात घेतला.
उजवा खांदा किंचित वर धरलेला,
कुणाला दिसू नये इतकाच.
"दादा, कोठे दुखस?"
"मले? मले काही व्हयेल नही."
आणि कपात बघत राहिला.

मी तारा गुंडाळल्या.
नखांत अडकलेलं काळं
दोनदा साबण लावूनही गेलं नाही.
वहीत तारीख टाकली,
चारशे सत्तेचाळीस लिहिलं,
भेगेची लांबी लिहिली.
डावा हात लिहिला नाही.
मग पान उलटता उलटता
समासात लिहिला.